सरांची आकाशगंगा

सर,

आज दुपारी मी तुमचा सूर्य पुसायला लावला. शाळेत नवा विज्ञान कक्ष झाला आहे, त्याला तुमचं नाव देणार आहेत, आणि त्याच्या भिंतीवर तुमची आकाशगंगा पुन्हा रंगवली होती. जुन्या व्हरांड्यात तुम्ही स्वतः काढली होती तीच. निळ्यावर पांढरे वळणदार फराटे आणि बरोबर मधोमध पिवळाधमक सूर्य, किरणांसकट. मुख्याध्यापकांनी काल फोनवर फोटो पाठवला. ते तुमचे विद्यार्थी नव्हेत, तुम्ही निवृत्त झाल्यावर कितीतरी वर्षांनी या शाळेत आले. त्यांना वाटलं मी हरखून जाईन. मी आज सकाळी यवतमाळहून एस.टी. धरली आणि महागावला उतरले.

'मॅडम, जुन्या फोटोवरून जसंच्या तसं उतरवलं,' ते म्हणाले. 'सरांचं चित्र हाय.'

'सरांची चूक आहे ती.'

'हाव, पण चूक बी सरांचीच हाय नं. कशी बदलवाव?'

मी म्हटलं, नाव तेच राहू द्या, सूर्य हलवा. मुलं इथं विज्ञान शिकणार आहेत. ते पेंटरकडे बघून मान हलवून निघून गेले. पेंटर शिडीवर बसून पंख्याच्या वाऱ्यात घाम वाळवत होता. त्याला मी सांगितलं, मधला सूर्य बुजवा.

'मंग मधात काय काढू?'

'काही नाही. काळं.'

'काळं? मॅडम, परवा उद्घाटन हाय. लोक म्हणतीन पेंटरचा रंग सरला.'

'म्हणू द्या.'

'एखादा ॐ काढतो नं, बारीकसा.'

'काळं.'

मग मी स्टुलावर चढून, मध्यापासून कडेकडे निम्म्याच्या जरा पुढं, एका फराट्याच्या आतल्या बाजूला खडूनं सूर्याचा ठिपका दिला. तो खाली वाकून बघत राहिला. म्हणाला, 'एवढुसा? हा तं माशी बसल्यावानी दिसते.' मी म्हटलं, तेवढाच आहे. पहिल्या हातातून तुमचा पिवळा डोकावत होता. दुसऱ्या हातात तो बुजला. मी शेवटपर्यंत उभी राहून पाहिलं. तुम्ही गेल्याचं कळलं होतं त्या दिवशी मला काहीच वाटलं नव्हतं. आज वाटलं, आणि ते सुखासारखं होतं.

ही चूक तुमच्या एकट्याची नव्हती, हे सांगायला हवं. न्याय म्हणून सांगते, दया म्हणून नाही. फार पूर्वी एका माणसानं स्वतः घासलेल्या आरशांची दुर्बीण केली आणि आकाशाचे शेकडो तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात तारे किती, ते मोजले. तो वर बघून आकडे सांगायचा, त्याची बहीण ते लिहून घ्यायची. आकाशगंगेच्या पट्ट्यात जिकडे बघावं तिकडे तारे साधारण सारखेच भरले. त्यावरून त्यानं ठरवलं की आपला सूर्य जवळपास मध्यावर आहे. पुढं फोटोच्या काचा आल्या, अधिक शिकलेल्या लोकांनी अधिक तारे मोजले, आणि सूर्य पुन्हा मध्याजवळच राहिला. मोजणी खोटी नव्हती. ताऱ्यांच्या मध्ये धूळ आहे, ती लांबचा उजेड अडवते, हे मोजणाऱ्यांनी धरलं नव्हतं. धुळीमुळं सगळीकडे सारख्याच अंतरापर्यंत दिसत होतं, म्हणून तारे सगळीकडे सारखे. फरक एवढाच, की ते लोक आयुष्यभर मोजून चुकले. तुम्ही सूर्यमालेचा धडा शिकवत होतात, त्यात सूर्य मध्यभागी होता, तोच उचलून आकाशगंगेत ठेवलात. शाळेला विज्ञानाचा मास्तर मिळत नव्हता, भूगोल तुमचा होता, म्हणून विज्ञानही तुमच्या गळ्यात पडलं होतं. ते मी समजू शकते. समजून घेऊनही माझा राग तसाच राहतो, हे मी बरीच वर्षं तपासून पाहिलं आहे.

नववीत वक्तृत्वात पहिली आले म्हणून तुम्ही मला एक पुस्तक दिलंत. तुमच्या टेबलामागच्या कपाटाला कुलूप असायचं आणि किल्ली तुमच्या जानव्याला. सगळ्या वर्गासमोर तुम्ही किल्ली काढली, कपाट उघडलं, धूळ फुंकली आणि म्हणालात, 'घे. आकाशाबद्दल आहे. तुमच्या तांड्यावर दिवे नाहीत, आकाश तरी आहे.' वर्ग हसला, मीही हसले. घरी येऊन बघते तर पुस्तकाची पानं कडेला जोडलेलीच होती, छापखान्यातून आली तशी. कुणी उघडलंच नव्हतं. मी बाच्या दाढीच्या ब्लेडनं एकेक पान कापून वाचलं. तुम्ही मला दिलेली ती एकमेव वस्तू, आणि तिच्यात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हतं.

त्यात लिहिलं होतं की फोटोच्या काचांवर तारे मोजणाऱ्या एका बाईला काही तारे उजळताना आणि मंदावताना सापडले. ज्याचा उजळण्या-मंदावण्याचा फेरा लांब, तो तारा मुळात जास्त तेजस्वी. मग तो किती मंद दिसतो त्यावरून तो किती लांब, हे कळतं. तिला दुर्बिणीला हात लावायची मुभा नव्हती, तिनं काचांवरूनच ते काढलं. ते माप दुसऱ्या एका माणसानं घेतलं. आकाशगंगेच्या पट्ट्याच्या वर-खाली ताऱ्यांचे गोल गुच्छ असतात, एकेकात लाखो तारे. त्यांची अंतरं त्यानं काढली आणि ते कुठं कुठं आहेत ते मांडलं, तर बहुतेक गुच्छ एकाच बाजूला भरलेले, धनू राशीकडे. गुच्छ ज्याच्याभोवती आहेत तो मध्य. म्हणजे मध्य तिकडे, आणि आपण इकडे, कडेला. अंतर त्याचंही चुकलं, कारण धूळ त्यानंही नीट धरली नाही. दिशा मात्र बरोबर निघाली.

हे मी बाला वाचून दाखवलं. तो खाटेवर बसून दोरी वळत होता. बाच्या आजानं लदेणी केली होती, म्हणजे बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून बाजारोबाजार नेण्याचा आमच्या लोकांचा जुना धंदा. बानं ती केलेली नव्हती, पण आजानं सांगितलेलं त्याला तोंडपाठ होतं. त्यानं हात थांबवला.

'मंग त्यात नवं काय हाय? बैलं चालले का धूळ उठे. पुढचा मानूस दिसे ना, मागचा दिसे ना. धुळीत साऱ्यायले वाटते का आपनच मधात हाओ.'

'मग वस्ती कुठं ते कसं कळे?'

'वर पाहाचं. धूळ खाली रायते. घारी जिकडं घिरट्या घालून राह्यल्या तिकडं वस्ती. तुह्या त्या गोऱ्या मानसानं घारीच पाह्यल्या.'

त्या वेळेपासून मला ते समजलं, सर. आजही कॉलेजात कुणी विचारलं तर मी तसंच सांगते.

दहावीत तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन आपल्याच शाळेत भरणार होतं. मी आकाशगंगा केली. काळा रंग दिलेला पुठ्ठा, त्यावर पिंजलेल्या कापसाचे वळणदार हात, मध्ये कापसाचा गोळा, आणि तारकागुच्छ म्हणून वरच्या काडीला दोऱ्यांनी टांगलेल्या सरक्या. सूर्य म्हणून याडीनं, माझ्या आईनं, तिच्या जुन्या फेटियाचा, म्हणजे आमच्या घागऱ्याचा, एक आरसा काढून दिला. डिंकावर तिचा भरवसा नव्हता. तिनं तो पुठ्ठ्याला शिवला, कडेच्या हातावर, मी दाखवलं तिथं. बानं ते सगळं डोक्यावर धरून शाळेत आणलं. त्यानं मला बोलून ठेवलं होतं: मॉडेल यवतमाळले गेलं तं तू बी जाशीन. यवतमाळला सायन्सचं कॉलेज आणि मुलींचं वसतिगृह. आमच्या तांड्यातली एकही मुलगी तोवर तिथं गेली नव्हती. बा एकदा बोलला की बोलला. उलटही तेवढंच खरं होतं.

प्रदर्शनाच्या सकाळी मी मांडवात आले तेव्हा आरसा मध्यभागी होता. कापसाचा गोळा दाबून सपाट केलेला, त्यावर डिंकानं आरसा चिकटवलेला, डिंक अजून ओला. कडेच्या हातावर सुईची चार भोकं राहिली होती. तुम्ही कात्री खिशात घालत होतात.

'एक चूक होती, दुरुस्त केली. सूर्य कोपऱ्यात टाकला होतास.'

'सर, पुस्तकात आहे. आपण कडेला आहोत.'

'सूर्य मध्यभागीच असतो. चौथीतलं पोर सांगेल.'

मी गुच्छांचं सांगितलं. तुमच्या कपाळावरची आठी पाहून मला घाई झाली आणि मी घारींचंही सांगितलं. तुम्ही बाजूच्या मास्तरांकडे वळून म्हणालात, 'ऐका. आता घारी पाहून खगोलशास्त्र.' ते हसले. मी तेव्हाच आरसा उपटायला हवा होता. पुठ्ठा माझा होता, आरसा याडीचा होता. मी हात मागे बांधून उभी राहिले, कारण तुम्ही तसं उभं राहायला शिकवलं होतं.

जिल्ह्याहून आलेले साहेब दुपारी माझ्यापाशी आले. शांत माणूस. त्यांनी सरक्यांना बोट लावून विचारलं, हे काय. मी सांगितलं. ते खूश झाले, हे मला दिसलं. मग त्यांचं बोट मध्याकडे गेलं. 'आणि हे?' मी म्हटलं, सूर्य. 'तुझे हे सगळे गुच्छ एका बाजूला आहेत, मग सूर्य मध्यभागी कसा?' त्यांनी बरोबर विचारलं होतं. मॉडेल स्वतःच स्वतःला खोटं पाडत होतं. मी तुमच्याकडे पाहिलं. बा मांडवात बांधलेल्या दोरीच्या पलीकडे, धुतलेला पटका बांधून, इतर बापांच्या मागं उभा होता. तुम्ही पुढं झालात आणि हसून म्हणालात, 'मी सांगितलं होतं, साहेब. पण तांड्यातली मुलगी आहे. यांचं आकलन तेवढंच.'

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलाकडे गेले. ते वाक्य मी तेव्हापासून कितीदा मांडून पाहिलं आहे. 'मी सांगितलं होतं' हे खोटं. 'तांड्यातली मुलगी आहे' हे खरं. आणि 'यांचं'. एका मुलीची चूक तुम्ही वाटून अख्ख्या तांड्याला दिलीत, दोरीपलीकडच्या माणसासकट.

परतताना पुठ्ठा बाच्या डोक्यावर होता, सरक्या हलत होत्या. नाल्यापाशी त्यानं विचारलं:

'तू तं कडंले लावला होता नं. मधात कोनं आनला?'

'म्या.'

'काहून?'

खरं सांगितलं असतं तर तो तिथूनच मागं फिरला असता, आणि तुमच्यासमोर हात जोडून उभा राहिला असता की काठी उचलली असती, मला सांगता येत नव्हतं. दोन्ही मला बघायचं नव्हतं. तो म्हणाला, 'शिकून राह्यली का खेळून राह्यली?' आणि मग, घर दिसायला लागल्यावर, 'राहू दे मंग यवतमाळ.' त्याला वाटलं, मुलीला जमत नाही आणि उगाच लोकांत हसं होतं. त्याला ते तुमच्या तोंडून कळलं होतं, आणि तुम्ही मास्तर होतात.

मी महागावलाच आर्टस् केलं. मग मराठी घेऊन एम.ए., मग प्राध्यापकी. लोक विचारतात तेव्हा मी सांगते की वाङ्मयाची ओढ लहानपणापासून होती. यवतमाळला मी अखेर आले ती नोकरीला, वसतिगृहात राहायच्या वयाच्या पुष्कळ पुढं. आकाशगंगेबद्दल जे जे छापून येतं ते मी वाचते, पण त्यातलं गणित मला येत नाही. दुसऱ्यानं केलेल्या गणितावर मी विश्वास ठेवते. म्हणजे मी श्रद्धाळू आहे, सर, आणि मला ते व्हायचं नव्हतं.

तरी तुम्हाला सांगते, कारण हे तुम्ही वाचलेलं असणार नाही. आतले तारे पुढं पळतात, बाहेरचे मागं पडतात, त्यावरून सगळी आकाशगंगा फिरते आहे हे काढलं गेलं, आणि फिरण्याचा मध्य पुन्हा धनू राशीकडेच निघाला. एका इंजिनियरला दूरच्या रेडिओ-संभाषणातली खरखर शोधायला सांगितलं होतं. त्याच्या यंत्रात एक बारीक सूं-सूं रोज यायची, रोज चार मिनिटं आधी, म्हणजे ताऱ्यांच्या वेळापत्रकानं. ती तिकडूनच येत होती. रेडिओच्या लहरींना धूळ अडवत नाही. मग त्याच लहरींनी आकाशगंगेच्या वळणदार हातांचे नकाशे झाले. आणि शेवटी दोन गटांनी, एकमेकांवर डोळा ठेवून, मध्याजवळचे काही तारे वर्षानुवर्षं पाहिले. त्यातला एक सोळा वर्षांत फेरा घालतो. कशाभोवती, तर तिथं काही दिसत नाही. जे दिसत नाही त्याचं वजन चाळीस लाख सूर्यांएवढं आहे. काही वर्षांपूर्वी त्याचं चित्रही आलं, पेपरात पहिल्या पानावर. नारिंगी अंधूक कडं आणि आत काळं. मी ते कापून ठेवलं. बा गेला होता, नाहीतर त्याला दाखवलं असतं. तुम्हालाही दाखवलं असतं, पण वेगळ्या कारणासाठी.

विज्ञान कक्षाबरोबर शाळा स्मरणिका काढते आहे. त्यात तुमच्यावर अकरा लेख आहेत. शिस्त, खादीचा सदरा, अक्षर, वेळेचा पक्केपणा. एकानं लिहिलं आहे की तुम्ही तांड्यातल्या मुलांना पोटच्या पोरांसारखं वागवलंत. तो गावातला आहे. बारावा लेख माझा. पुस्तकाची न कापलेली पानं, कात्री, डिंक, चार भोकं, आणि तुमचं ते वाक्य, अवतरणचिन्हांत. वाक्यानंतर मी काही भाष्य केलेलं नाही, गरज नव्हती. मुख्याध्यापकांचे दोन फोन आले.

'मॅडम, जरासं गोड नाही करता येत का?'

'साखर कमी पडली तर बाकीच्या अकरांतून घ्या.'

'तसं नाही हो. मानूस गेला बिचारा. आता बोलाले येत नाही त्यायले.'

'मलाही तेव्हा येत नव्हतं.'

ते म्हणाले, बरं, छापतो. तुमच्या नावाच्या पाटीखाली, तुमच्या घरच्यांसमोर, अख्ख्या महागावासमोर ती वाटली जाईल. हे मला किती वर्षांपासून हवं होतं ते मी सांगणार नाही. त्यासाठी लिहायला शिकले, असं म्हटलं तर अगदीच खोटं होणार नाही. आज भिंतीवरचा सूर्य आणि परवा स्मरणिका. माझ्या मते हे जास्त झालेलं नाही.

हे मात्र मी वहीच्या मागच्या पानांवर लिहिते आहे आणि ते इथंच राहील, कारण यात एक गोष्ट आहे जी तिथं नाही.

प्रदर्शन शनिवारी झालं. रविवारी सकाळी तुम्ही तांड्यावर आलात. सायकलवर, कच्च्या रस्त्यानं, पॅण्टला क्लिप लावून. बा वावरात गेला होता. याडी अंगण शेणानं सारवत होती. मी दाराच्या फटीतून तुम्हाला पाहिलं आणि आमच्या बोलीत आतूनच याडीला म्हटलं, घरी नाही म्हणून सांग. तिनं सांगितलं. तुम्ही गेला नाहीत. टोपी काढून हातात धरलीत. म्हणालात, 'मुलीला निरोप द्या. साहेबांनी मला समजावून सांगितलं. तिनं सूर्य लावला होता तिथंच बरोबर होता, मी हलवला. तिच्या वडलांनाही सांगा.' याडीला मराठी जेमतेम यायची. ती 'हाव' म्हणाली. तुम्ही बंद दाराकडे पाहिलंत, काही वेळ, आणि सायकल वळवलीत. मी मनाशी म्हणाले, अपमान मांडवात आणि कबुली शेणाच्या अंगणात, ती पण जिला कळत नाही तिच्यापाशी. आजही मी तेच म्हणते. पण मी दाराआड होते, आणि मला कळलं होतं.

याडीनं विचारलं, बाला काय सांगू. मी म्हटलं, काही नको. बाला ते कळलं असतं तर त्यानं मला यवतमाळला घातलं असतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मग तुम्ही चांगले ठरला असतात. ते मला नको होतं.

आज निघताना मुख्याध्यापक फाटकापर्यंत आले. म्हणाले, 'मॅडम, उद्या छापाले टाकतो. लेखात काही जोडाचं राह्यलं का?'

मी म्हटलं, नाही.